शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा
(संस्थेच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या अनेक मुली नर्सिंग शिकून रुग्णसेवेत आहेत. त्यांपैकी मनोरुग्णांची सेवा करणाऱ्या भगिनींविषयी मी बोलणार आहे. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथील रुग्ण पुष्कळदा आपण आजारी आहोत हेच मानत नाही. गोळी थुंकून टाकतो, कधी अंगावर धावतो. जिवाचे बरेवाईट करू पाहणाऱ्यावर रात्रभर नजर ठेवावी लागते. बऱ्या झालेल्या कित्येकांना न्यायला घरचे येत नाहीत. "सिस्टर, मी घरी कधी जाणार?" या प्रश्नाला रोज तिलाच तोंड द्यावे लागते.

यातून येणाऱ्या थकव्याला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले की हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा हा परिणाम आहे. त्याची लक्षणे तीन: त्राण संपणे, कामाविषयी तुटकपणा येणे व आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. अशी परिचारिका रुग्णाशी तुटक बोलली, तर तिला निष्ठुर म्हणण्याआधी तिच्या सलग किती पाळ्या झाल्या ते विचारावे.

"ध्यान कर, मन शांत ठेव" एवढा उपदेश येथे पुरत नाही. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून, आजाऱ्याचे कोणी नसेल तर त्याची शुश्रूषा संघाने करावी, असा नियम घातला. चांगल्या परिचारकाचे मैत्रीचित्तादी पाच गुण त्यानंतर सांगितले. आधी भार वाटला, मग गुण सांगितले. आपण मात्र गुणांची अपेक्षा आधी करतो आणि भार एकटीवर टाकतो.

म्हणून रिक्त पदे भरावीत, सलग पाळ्या देऊ नयेत, हल्ला झालेल्या परिचारिकेला रजा व समुपदेशन मिळावे, यासाठी संस्थेने शासनाला निवेदन द्यावे. घरच्यांनी रात्रपाळीहून आलेल्या सुनेला आधी झोपू द्यावे. स्वयंपाक इतरांनी करावा. विद्यार्थ्यांनी 'वेड्यांच्या इस्पितळातली नोकरी' म्हणून तिची थट्टा करू नये. मन फारच खचले तर २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

ही जबाबदारी आपण सर्वांनी वाटून घेऊ या.

नमो बुद्धाय! जयभीम!