अहवालांवर उभी राहिलेली महासत्ता

एकाधिकारशाहीचा विचार करताना साधारणपणे एक गृहीतक न तपासताच स्वीकारले जाते, ते असे की नागरिकांचे स्वातंत्र्य कमी झाले तरी त्या मोबदल्यात राष्ट्राला वेग, शिस्त आणि सामर्थ्य लाभते. निर्णयाला विरोध नसल्यामुळे धरणे लवकर बांधली जातात, कारखाने लवकर उभे राहतात आणि सैन्य लवकर सज्ज होते, असा हा युक्तिवाद असून त्यात काही अंशी तथ्यही आहे. परंतु आदेश वरून खाली जसा जातो, तशी खरी माहिती खालून वर यावी लागते, आणि ज्या व्यवस्थेत अप्रिय माहिती देणाऱ्याला शिक्षा होते तेथे हा दुसरा प्रवाह आटत जातो. अशा राजवटीत सत्याला सर्वांत आधी मुकतो तो स्वतः राज्यकर्ता. सोव्हिएत संघाचा इतिहास या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे, कारण त्या राष्ट्राने अंतराळात पहिला मानव पाठवला आणि त्याच काळात त्याला आपल्या गोठ्यांतील जनावरांची खरी संख्याही कळत नव्हती.

६ जानेवारी १९३७ रोजी सोव्हिएत संघात जनगणना झाली. देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाखांवर पोहोचल्याचे स्टालिनने १९३४च्या पक्ष अधिवेशनात जाहीर केले होते, त्यामुळे तीन वर्षांनंतरचा आकडा त्याहून बराच मोठा असणार हे धरूनच चालले होते. प्रत्यक्षात मोजणीत सुमारे १६ कोटी २० लाख माणसे भरली. १९३२-३३च्या दुष्काळात, म्हणजे सक्तीच्या सामूहिक शेतीमुळे आणि धान्यवसुलीमुळे युक्रेन, कझाकस्तान व व्होल्गा खोऱ्यात जी लक्षावधी माणसे अन्नान्न करून मेली, त्यांची अनुपस्थिती या आकड्यात दिसत होती. सरकारने ती गणना रद्द ठरवली, तिचे निष्कर्ष दडवून ठेवले, आणि सांख्यिकी विभागाचे प्रमुख इव्हान क्रावाल व जनगणनेचे काम पाहणारे ओलिंपी क्वित्किन यांना अटक करून गोळ्या घातल्या. १९३९मध्ये नवी गणना झाली आणि तिचा प्रसिद्ध झालेला आकडा १७ कोटींच्या वर होता. देशातील प्रत्येक कारकून, शेतीअधिकारी आणि कारखान्याचा व्यवस्थापक यांनी यातून जो धडा घ्यायचा तो घेतला.

तो धडा किती खोलवर रुजला होता हे रियाझान प्रांताच्या प्रकरणावरून कळते. मांस, दूध आणि लोणी यांच्या दरडोई उत्पादनात अमेरिकेला गाठण्याची घोषणा निकिता क्रुश्चेव यांनी १९५७मध्ये केली, आणि मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या रियाझानचे पक्षप्रमुख अलेक्सेई लारियोनोव यांनी एका वर्षात राज्याला तिप्पट मांस देण्याची प्रतिज्ञा १९५९च्या आरंभी जाहीर केली. ही प्रतिज्ञा अशक्य आहे हे पशुपालन जाणणाऱ्या कोणालाही समजले असते, कारण वासराला वाढायला जो काळ लागतो तो पक्षाच्या ठरावाने कमी होत नाही. तरीही उद्दिष्ट गाठल्याचे दाखवायचे होते, म्हणून दुभती आणि पैदाशीची जनावरे कापली गेली, शेतकऱ्यांच्या घरची गुरे ‘तात्पुरती’ म्हणून ताब्यात घेतली गेली, आणि तेवढ्यानेही भागेना तेव्हा शेजारच्या प्रांतांतून मांस विकत आणून ते रियाझानचे म्हणून नोंदवले गेले. डिसेंबर १९५९मध्ये लारियोनोव यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला. पुढच्याच वर्षी प्रांताकडे कापायला गुरे उरली नाहीत, बिंग फुटले आणि लारियोनोव यांनी आत्महत्या केली. मांसाची टंचाई एकट्या रियाझानपुरती नव्हती. १ जून १९६२ रोजी सरकारने मांस व लोणी यांचे भाव मोठ्या प्रमाणात वाढवले, तेव्हा नोव्होचेर्कास्क येथील कामगार रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी सैन्याच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे मेली. मृतांचे गुप्तपणे दफन झाले आणि ही घटना सोव्हिएत वृत्तपत्रांत सुमारे पाव शतक उमटली नाही. खोट्या आकड्यावर उभे राहिलेले धोरण फसले, ते फसल्याची बातमी दडपली गेली, आणि त्यामुळे पुढच्या धोरणालाही पुन्हा खोटाच पाया मिळाला.

महाराष्ट्राच्या वाचकाला येथे १९७२चा दुष्काळ आठवणे स्वाभाविक आहे, आणि अमर्त्य सेन व ज्याँ द्रेझ यांनी दुष्काळांच्या अभ्यासात या प्रकरणाला मोठे स्थान दिले आहे. चीनशी केलेली तुलना येथे बोलकी ठरते. ज्या चीनमध्ये १९५८ ते १९६१ या काळात पिकांचे फुगवलेले आकडे खरे मानून धान्य उचलले गेले आणि कोट्यवधी माणसे दगावली, त्या चीनमध्ये संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी १९५९मध्ये माओंना खासगी पत्र लिहून वस्तुस्थिती सुचवली, तर त्यांनाच पदावरून दूर केले गेले. महाराष्ट्रात पीक बुडाले, गुरे मेली, हालअपेष्टा अपार झाल्या, पण मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती आणि मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले. महाराष्ट्रातले अधिकारी अधिक सज्जन होते असा याचा अर्थ नव्हे. तालुक्यातली टंचाई लपवणे त्यांना शक्य नव्हते, कारण वृत्तपत्रे ती छापत होती, विरोधी आमदार विधानसभेत ती मांडत होते आणि मोर्चे कचेरीच्या दारात येऊन ठेपत होते.

ज्ञानाच्या क्षेत्रात हीच प्रक्रिया अधिक क्लेशकारक रीतीने घडली. निकोलाय वाविलोव हे विसाव्या शतकातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मानवाने पिकवलेल्या वनस्पतींचा उगम जगातील ठरावीक प्रदेशांत झाला हा त्यांचा सिद्धांत १९२६मध्ये प्रसिद्ध झाला, आणि अफगाणिस्तानापासून इथिओपियापर्यंत हिंडून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेनिनग्राडमध्ये बियाण्यांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह उभा केला. त्यांच्यासमोर उभे राहिलेले त्रोफिम लिसेंको यांचे म्हणणे होते की वनस्पतीला परिस्थितीने जे गुण लाभतात ते पुढच्या पिढीत उतरतात, आणि म्हणून गव्हाचे बी भिजवून थंडीत ठेवण्यासारख्या उपायांनी पिकाचा स्वभावच पालटता येतो. थंडीचा पिकाच्या वाढीवर परिणाम होतो हे खरेच आहे. तो गुण वारशाने जातो हे मात्र खरे नव्हते. वाविलोव चांगले वाण निर्माण करायला कित्येक वर्षे मागत होते, लिसेंको दोन-तीन हंगामांत चमत्कार देऊ करत होते, आणि दोघांच्या प्रयोगांची तुलना मोकळेपणाने करण्याची सोयच उरली नसल्यामुळे निवाडा सत्तेच्या पसंतीवर झाला. वाविलोव यांना ऑगस्ट १९४०मध्ये अटक झाली आणि जानेवारी १९४३मध्ये सारातोवच्या तुरुंगात, ज्यांनी जगाच्या अन्नाचा ठेवा गोळा केला होता असे हे शास्त्रज्ञ, कुपोषणाने मरण पावले. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांच्या संस्थेतील काही सहकारी पोत्यांतील धान्याला हात न लावता उपासमारीने गेले, ही त्या संस्थेने जपलेल्या निष्ठेची साक्ष आहे आणि तिचा उल्लेख आदराने झालाच पाहिजे. ऑगस्ट १९४८मध्ये कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात लिसेंको यांनी आपल्या अहवालाला पक्षाच्या केंद्रीय समितीची संमती असल्याचे सांगितले, आणि त्या एका वाक्याने देशातील अनुवंशशास्त्र, म्हणजे गुणांच्या वारशाचा अभ्यास करणारे शास्त्र, जवळजवळ सोळा वर्षे बहिष्कृत झाले. लिसेंको यांचा प्रभाव वाढत असताना, १९३० आणि १९४०च्या दशकांत, अमेरिकेत संकरित मक्याने शेतीचा कायापालट केला. १९६३मध्ये सोव्हिएत संघाला परदेशांतून मोठ्या प्रमाणावर गहू विकत घ्यावा लागला. त्याला इतरही कारणे होती, पण शेतीशास्त्राची ही हानी त्यांतील एक होती.

मग अणुबाँब आणि स्पुटनिक कसे शक्य झाले, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर टाळता येणार नाही. ज्या कामाचा निकाल अहवालावर अवलंबून नसतो तेथे एकाधिकारशाहीलाही सत्य सहन करावे लागते: अग्निबाण उडतो किंवा उडत नाही, आणि तो उडाल्याचे खोटे प्रमाणपत्र कोणाच्याही उपयोगाचे नसते. १९४९च्या आरंभी सापेक्षता आणि पुंजवादाचा धिक्कार करण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञांची परिषद भरवण्याची तयारी झाली होती, ती ऐनवेळी रद्द झाली. अणुप्रकल्पाला त्या शास्त्राची गरज होती हे त्याचे कारण मानले जाते, आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला पहिली अणुचाचणी झाली. तो पहिला बाँब हेर क्लाउस फुक्स यांच्याद्वारे मिळालेल्या अमेरिकी आराखड्यावर आधारलेला होता हेही विसरता येत नाही. स्पुटनिकचे शिल्पकार सर्गेई कोरोल्योव यांना तर याच राजवटीने १९३८मध्ये पकडून कोलिमाच्या छळछावणीत पाठवले होते आणि ते तेथून जिवंत परतले हा निव्वळ योगायोग होता. जिथे शत्रूचे यश हे मोजमाप असते आणि उद्दिष्ट आधीच ठरलेले असते, तिथे ही व्यवस्था साधनसंपत्ती एकवटून अचाट काम करू शकते.

संगणकाच्या बाबतीत असे ठरलेले उद्दिष्ट नव्हते. सर्गेई लेबेदेव यांनी कीव्हमध्ये १९५१मध्ये कार्यान्वित केलेला संगणक युरोपच्या मुख्य भूमीवरील अगदी पहिल्यांपैकी होता, परंतु १९६०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने स्वतःचे आराखडे बाजूला सारून आयबीएम कंपनीच्या १९६४च्या ‘३६०’ मालिकेची नक्कल करण्याचे ठरवले. तयार आज्ञावली वापरता येतील हा त्यामागचा हिशेब समजण्यासारखा होता, पण नक्कल करणारा मूळ निर्मात्याच्या मागेच राहतो. संगणकाचा पुढचा विकास विद्यार्थी, हौशी तंत्रज्ञ आणि छोटे कारखाने यांच्या हातून होणार होता, आणि ज्या देशात साधे छायाप्रती काढणारे यंत्रही कुलपात ठेवले जाई तेथे प्रत्येक टेबलावर मजकूर साठवणारे व छापणारे यंत्र देणे राजवटीला परवडणारे नव्हते.

आकडे दडवण्याची सवय मात्र सुटली नाही. १९७०च्या दशकात सोव्हिएत संघात अर्भकमृत्यूचे प्रमाण वाढू लागले, तेव्हा सरकारने ते प्रसिद्ध करणे थांबवले. फ्रेंच अभ्यासक इमॅन्युएल टॉड यांनी या वाढत्या मृत्युदराचा आधार घेऊन १९७६मध्ये त्या राजवटीच्या पतनाचे भाकीत केले होते. १९८७मध्ये ‘नोव्ही मीर’ मासिकात वासिली सेल्युनिन आणि ग्रिगोरी खानिन यांनी दाखवले की १९२८ ते १९८५ या काळात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ९० पट वाढल्याचा अधिकृत दावा फुगवलेला असून प्रत्यक्ष वाढ सहा-सात पटच होती. लष्करावरील खर्चाचा भार किती, याचा अंदाज उत्पन्नाचा आकडाच खोटा असताना करता येत नव्हता. मिखाईल गोर्बाचेव यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे की पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचे सदस्य असताना त्यांनी आणि निकोलाय रिझ्कोव यांनी अर्थसंकल्प पाहायला मागितला, तेव्हा सरचिटणीस युरी आंद्रोपोव यांनी हसून तो देण्यास नकार दिला. अर्थव्यवस्थेत सुधारणा सुचवण्याची जबाबदारी त्या वेळी या दोघांवरच सोपवलेली होती.