झोपलेल्या गाडीची बॅटरी

जर्मनीत गाडीच्या नंबरप्लेटवर महिनेही छापलेले असू शकतात. 1997 पासून तिथे अशी हंगामी पाटी मिळते. पाटीवर 04 ते 10 असेल, तर नोव्हेंबर ते मार्च ती गाडी रस्त्याकडेला उभीसुद्धा करायची नाही. मग कितीतरी पोर्शे 911 गॅरेजमध्ये हिवाळा काढतात.

पण गाडी पुरती झोपत नाही. अलार्म जागा, रिमोट किल्लीची वाट पाहणारा रिसीव्हर जागा. समजा, 50 मिलिअँपिअर जाताहेत. म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास. 70 अँपिअर-तासांची बॅटरी महिन्यात निम्मी! अशी अर्धपोटी बॅटरी पडून राहिली, की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात आणि तिची ताकद कायमची घटते.

इथे कामाला येतो मेंटेनर नावाचा चार्जर. बॅटरी भरली, की तो साधारण साडेतेरा व्होल्टवर थांबतो आणि झिरपून गेलं तेवढंच भरतो.

911 ची खरी गंमत पुढेच आहे. बॅटरी पुढच्या झाकणाखाली, आणि बऱ्याच मॉडेलांत ते झाकण उघडतं विजेवर! तिजोरीची किल्ली तिजोरीतच. म्हणून पायाजवळच्या फ्यूजपेटीत बाहेर ओढता येणारं एक टोक दिलेलं असतं. तिथे दुसरी बॅटरी जोडून झाकण उघडतात. हे थंडीत, ओणवं होऊन करायचं. त्यापेक्षा मेंटेनर स्वस्त, असं आपलं माझं मत.

फक्त, 2010 च्या सुमारास 911 च्या जीटी3 मॉडेलसाठी आलेल्या हलक्या लिथियम बॅटरीसारखी बॅटरी असेल, तर मेंटेनरही लिथियमला चालणाराच लागतो.