गाडीचा पोचा आणि सीटखालचा जॅक

आज पापड-मसाला बाजूला ठेवून गाडीबद्दल बोलू. गाडीचं काही निघालं की आपण म्हणतो, ते ड्रायव्हर बघेल. पण त्या गाडीत बसतो आपण, आणि दुरुस्तीचा पैसा जातो आपल्याच बचतीतून. म्हणून जॅक कसा ठेवायचा आणि पत्र्याला पोचा गेला तर आपल्या हाताने काय करता येतं, हे प्रत्येकीला माहीत हवं.

आमच्या प्रभागसंघाकडे जुनी बोलेरो आहे. महिंद्राने 1947 साली मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि 2000 साली बोलेरो आणली. कन्नड-सोयगावकडच्या डोंगरातल्या कच्च्या वाटांना ही गाडी चांगली टिकते. पण चासी कितीही मजबूत असली तरी दाराचा पत्रा पातळच. बाभळीचं खोड, वळणावरचा दगड, बैलगाडीची दांडी, काहीतरी लागतंच.

आधी जॅकचं बघू, कारण तो जिवाशी खेळ आहे. पुष्कळ गाड्यांत जॅक सीटखाली मोकळाच पडलेला असतो. खड्ड्यात खडखडला की आपण पायाने बाजूला सारतो. आता हिशोब करा. ताशी 40 किलोमीटरने चाललेली गाडी धडकून एकदम थांबली, तर मोकळा जॅक त्याच वेगाने पुढे जातो. 20 फुटांवरून टाकलेलं लोखंड जमिनीला लागताना जेवढ्या वेगात असतं, तेवढा हा वेग. पुढे कुणाची पाठ, कुणाचं डोकं, मांडीवरचं लेकरू. घसरत पुढे जाऊन ब्रेकच्या पायडलखाली अडकला तर वेगळंच संकट.

कंपनीने जॅकला जागा दिली असेल तर तो तिथेच बसवा. स्क्रूचा जॅक मिटवून कंसात ठेवायचा आणि थोडा उघडून घट्ट करायचा, म्हणजे हलत नाही. बाटलीसारखा तेलाचा जॅक असेल तर दट्ट्या पूर्ण खाली, झडप बंद, आणि जॅक उभा ठेवायचा. आडवा ठेवला तर तेल गळू शकतं. कंस नसेल तर जॅक गोणपाटात गुंडाळून बकलच्या पट्ट्याने सीटच्या लोखंडी सांगाड्याला आवळा. नुसत्या ट्यूबच्या रबराने बांधू नका, रबर ताणतं. पत्र्याला भोक पाडून पट्टी बसवायची असेल तर खालून डिझेलची नळी, ब्रेकची नळी किंवा वायर जात नाही ना, हे मेकॅनिकला आधी बघू द्या. चाकाचा पाना, जॅकची दांडी आणि दोन लाकडी गुटके एकाच पिशवीत भरा आणि तीही बांधा.

चाक बदलायचं तर गाडी सपाट, कडक जागेवर घ्या. सगळ्या जणी खाली उतरा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, समोरच्या बाजूच्या चाकांना गुटके लावा. नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग गाडी उचला. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली रुंद, जाड फळी हवी. चाक काढल्यावर स्टेपनी गाडीखाली सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी तिच्यावर टेकेल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

आता पोचा. प्लास्टिकचा बंपर चेपला असेल तर त्यावर कडक गरम पाणी ओता, जाड हातमोजे घालून मागून दाबा आणि बाहेर आला की लगेच गार पाणी टाका. पत्र्याला ही युक्ती चालत नाही. पत्र्याचा पोचा मागून हात पोहोचत असेल तरच काढा. मागे काच किंवा वायर नाही ना, बघा. बाहेरून लाकडी ठोकळा धरा आणि आतून रबरी हातोडीने हलके ठोके द्या. कडेपासून मधे यायचं. एकदम जोरात मारलं की पत्रा ताणतो आणि फुगीर होतो, मग कारागिरालाही त्रास. रंग फुटला असेल तर पावसाआधी ती जागा पॉलिश पेपरने घासून, पुसून, कोरडी करून प्राइमर आणि रंग लावा. गंज लागला की छोट्या कामाचं मोठं काम होतं.

दार नीट लागत नसेल, पोच्याला खोल घडी पडली असेल, छताचा खांब किंवा चासी वाकली असेल, तर हात लावू नका. ते डेंटिंगवाल्याचं काम. अपघातात कुणाला लागलं असेल तर आधी त्या माणसाला दवाखान्यात न्या, फोटो काढा, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवा. दुरुस्ती नंतर.

विम्याचंही ध्यानात ठेवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या पोच्याचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असेल आणि वर्षभर क्लेम केला नसेल, तर पुढच्या वर्षी आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ती 50 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून छोट्या पोच्यासाठी क्लेम करण्याआधी दुरुस्तीचा खर्च आणि जाणारी सूट, दोन्ही बैठकीत मांडा आणि मग ठरवा.

पुढच्या बैठकीला गाडी असेल तर दिवसाउजेडी, ड्रायव्हरसमोर, प्रत्येकीने एकदा जॅक सोडून परत बांधून बघा. संध्याकाळी घाटात चाक बसलं तर तो कुठे आहे हे शोधत बसावं लागणार नाही. आणि भाड्याच्या जीपमध्ये बसलात आणि जॅक पायाशी मोकळा दिसला, तर सरळ सांगा, "दादा, हा आधी बांधा, मग गाडी काढा." आपल्या लेकरांसाठी एवढं म्हणायला संकोच नको.