वेदनाशामके आणि घरची शुश्रूषा
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



वेदनेचा परिहार हे शुश्रूषेचे पहिले कर्तव्य होय. मात्र वेदना शमली म्हणजे रोग गेला असे नव्हे. मी वैद्य नाही; पण वृद्ध मातापिता गावाकडील औषधांची पुरचुंडी घेऊन आपल्याकडे येतात, येथे दुसरे डॉक्टर नवी चिठ्ठी देतात आणि या दोहोंचा मेळ घालण्याची जबाबदारी घरच्यांवर येते, म्हणून हा विषय निवडला.

अ‍ॅस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आले. त्याच्या कार्याचा उलगडा जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला. सूज, ताप व वेदना वाढविणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये हे औषध शरीरात तयार होऊ देत नाही. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांचेही कार्य असेच. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह राखतात. गुण आणि अपाय यांचा उगम असा एकच आहे.

यावरून शुश्रूषेचे नियम आपोआप निघतात. गोळी अन्नानंतर, पुरेशा पाण्याबरोबर द्यावी. नावे निराळी असली तरी आतील औषध एकच असू शकते. म्हणून वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत व या वर्गातील दोन औषधे एकत्र देऊ नयेत. रक्तदाब, दमा, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास, डॉक्टरांना आधी सांगावे. जुलाब-वांत्यांनी शरीर शुष्क झाले असता, तसेच डेंग्यूची शंका असता, ही औषधे स्वतःहून देऊ नयेत. मात्र हृदयासाठी दिलेले अल्प मात्रेचे अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने बंदही करू नये.

जठरातील व्रण कित्येकदा दुखतही नाही. डांबरासारखा काळा शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी वांती, लघवी कमी होणे, पायांवर सूज किंवा धाप दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट केवळ आपल्यासारख्या परप्रांतस्थांची. ठणका, चमक, कळ, आग, रग हे भेद आईला मराठीतच सांगता येतात आणि येथील डॉक्टरांना ते कळत नाहीत. मुलगा घाईने ‘दुखते आहे’ एवढेच भाषांतर करतो आणि निदानाला उपयोगी पडणारी खूण वाटेतच हरवते. म्हणून दुखण्याचे स्वरूप, गोळीची वेळ व तिने आलेला उतार एका वहीत टिपून ठेवावा. ज्या घरी असे करणारे कोणी नाही, तेथे मंडळाच्या सभासदाने रुग्णासोबत जावे. पन्नास वर्षे आपण मराठी उत्सवासाठी जपली. ती आजाऱ्याच्या उशाशीही पोहोचावी, एवढीच विनंती.