डॉक्टरांची फी, औषधांचे बिल आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षण, नोकरी आणि संघटन या विषयांवर मान्यवरांनी आपले विचार मांडलेच आहेत. आम्ही मात्र रोजच्या, घरातल्या एका विषयावर दोन शब्द बोलणार आहोत. तो विषय म्हणजे डॉक्टरांची फी आणि औषधांचे बिल.

हा विषय निवडण्यास कारण घडले. आपल्या एका सभासद मावशींना मागील वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. मावशी चार घरची धुणीभांडी करीत. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची गोळी रोज घ्यायला सांगितली होती. चौकशी केली तेव्हा कळले की अडीच महिने गोळी बंद होती. "नातवाच्या क्लासची फी भरायची होती. मला तर बरं वाटत होतं, मग कशाला पैसे घालवायचे?" असे त्या म्हणाल्या. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. याच अडीच महिन्यांत आम्ही जयंतीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या दारी गेलो होतो. त्यांनी वर्गणी दिली, आम्ही पावती फाडली आणि पुढच्या घरी गेलो. प्रकृती कशी आहे, एवढेही आम्ही विचारले नाही. ही आमची चूक आहे आणि ती या सभेत कबूल करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना जुने फॅमिली डॉक्टर आठवत असतील. कागदाच्या पुड्यांत गोळ्या आणि कागदी पट्टी चिकटवलेल्या बाटलीत लाल औषध मिळे. फीमध्येच औषध असे, आणि पगार झाल्यावर पैसे दिले तरी चाले. त्या पुडीत नेमके काय आहे हे मात्र रुग्णाला कळत नसे, म्हणून त्या काळाचे नुसते गोडवे गाण्यात अर्थ नाही. आज हातात चिठ्ठी येते, औषधाचे नाव कळते; परंतु खर्चाचे दोन दरवाजे झाले, एक दवाखान्याचा आणि दुसरा मेडिकलचा.

हिशेब करून पाहू. समजा, डॉक्टरांची फी १५० रुपये, औषधे ३५० रुपये आणि रक्ततपासणी ३०० रुपये. झाले ८०० रुपये. रोजंदारीवरच्या माणसाचे दोन दिवस खाडे झाले आणि मजुरी ५०० रुपये धरली, तर आणखी १,००० रुपये गेले. साध्या तापाला १,८०० रुपये! म्हणूनच आपली माणसे आजार अंगावर काढतात, पाच दिवसांचे औषध दोन दिवसांचेच घेतात आणि शेवटी मोठ्या इस्पितळाची पायरी चढतात.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी लोकांच्या खिशातून होणारा खर्च २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा झाली हे मान्य केलेच पाहिजे. तथापि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. डॉक्टरांची फी आणि महिन्याच्या महिन्याला लागणारी गोळी यांचा भार घरावरच राहतो.

औषध महाग का पडते? एकाच घटकाची गोळी अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने बंद करावीत अशी शिफारस हाथी समितीने १९७५ सालीच केली होती. डॉक्टरांनी शक्यतो औषधाचे मूळ नाव लिहावे, असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत नमूद आहे. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर शेड्यूल एच मधील औषध दुकानदाराला स्वतःच्या मर्जीने बदलून देता येत नाही. म्हणजे विचारायचे ते दुकानात नव्हे, डॉक्टरांसमोर. "डॉक्टरसाहेब, यातली स्वस्त गोळी चालेल का? मूळ नाव लिहून द्याल का?" असे विचारण्यात कमीपणा नाही. त्याचप्रमाणे, "यातले अत्यावश्यक औषध कोणते?" हेही विचारावे. पैसे कमी आहेत म्हणून स्वतःच्या मनाने औषध गाळू नये.

२००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची देशात १० हजारांहून अधिक केंद्रे आहेत. तेथील औषधे ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचे शासन सांगते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य करण्यात आले. क्षयरोगाचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते, शिवाय पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये देण्याची तरतूद आहे. तेथे रांग असते, कधी औषध संपलेले असते, हे खरे. तेव्हा एकट्याने परत फिरण्यापेक्षा संघटितपणे लेखी तक्रार करावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे आमचे एक मागणे आहे. दर रविवारी दोघांनी दोन तास संस्थेच्या कार्यालयात बसावे. वडीलधाऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचाव्यात, औषधाचे मूळ नाव वहीत लिहावे, जवळच्या जनऔषधी केंद्रात ते मिळते का याची चौकशी करावी. औषध बदलण्याचा सल्ला मात्र देऊ नये. तो अधिकार डॉक्टरांचा आहे. सभासदांनीही जयंतीच्या वर्गणीतील काही भाग औषध निधीसाठी बाजूला काढावा. रोषणाईच्या चार माळा कमी लागल्या तरी चालतील, परंतु कुणाची रोजची गोळी चुकता कामा नये.

मावशी आता काठी घेऊन चालतात. त्यांचा उजवा हात अद्याप उचलत नाही. यापुढे पावतीपुस्तक घेऊन आपण ज्या ज्या दारी जाऊ, तेथे आधी प्रकृतीची विचारपूस करू आणि मगच वर्गणी मागू, एवढा निर्धार आज सर्वांनी करावा, अशी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम!