शस्त्रक्रियेनंतरचे ताट



आजच्या विषयावर बोलण्याचा अधिकार वास्तविक डॉक्टरांचा. मी मैंदर्गीचा एक निवृत्त शाळामास्तर. मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल गेली नाही. परंतु वजन उतरविण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस मी माझ्याच घरी पाहिले, खाण्यापिण्याची वही स्वतः लिहिली, आणि त्या दिवसांत घडलेली सर्वांत मोठी चूकही माझीच होती. तेवढ्या आधारावर हे धाडस करीत आहे.

माझी धाकटी बहीण सोलापुरास असते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिचे वजन 118 किलो झाले होते, मधुमेह जडला होता, आणि गुडघ्यांमुळे जिना चढणे म्हणजे तिला शिक्षा वाटे. 2019 च्या ऑगस्टात पुण्यास तिच्यावर बायपासची शस्त्रक्रिया झाली व विश्रांतीसाठी ती माहेरी आली. ह्या शस्त्रक्रियेचे नाव आपल्याकडे पुष्कळांनी ऐकले ते 2011 साली श्री. नितीन गडकरी ह्यांनी ती करवून घेतली तेव्हा, किंवा 2017 साली सुमारे 500 किलो वजनाची इजिप्तची इमान अहमद विमानाने मुंबईस आली तेव्हा. आमच्या गावी मात्र निकाल झटपट लागला. ‘खाणे आवरत नाही म्हणून पोट शिवून घेतले,’ असे लोक म्हणू लागले. तिच्या कानावर हे गेलेच.

पोट शिवतात हे खरे नव्हे. बायपासमध्ये जठराचा वरचा एवढासा भाग, दोन मोठे चमचे मावतील इतका, वेगळा करून लहान आतड्याच्या पुढच्या भागास जोडतात. बाकीचे जठर जागच्या जागी राहते, पण अन्न त्याच्या वाटेला जात नाही. अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन ह्यांनी 1966 साली हा मार्ग प्रथम चोखाळला. दुसरा एक प्रकार आहे, त्यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढूनच टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. दोन्हींत जागा कमी होते, शिवाय भुकेचा निरोप मेंदूस पोहोचविणारे पोटातील द्रव्यही बदलते. भूक हा केवळ स्वभावाचा दोष नाही, हे मला साठी ओलांडल्यावर कळले. वर्गातल्या लठ्ठ मुलांना मी कधी काय काय बोललो असेन, ते आठवून आता संकोच वाटतो.

असो. पहिले काही दिवस नुसते पातळ पदार्थ, तेही घोट घोट. मग दाटसर, मग चाळणीतून काढलेले, मग मऊ, आणि सुमारे दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम डॉक्टरांनी लिहून दिला होता. कागदावरचे पदार्थ सगळे शहरी! सूप म्हणजे काय करायचे, हा आमच्या मंडळींपुढे प्रश्न. शेवटी डॉक्टरांना विचारून मुगाचे कढण, बिनलोण्याचे ताक आणि हुलग्याचे पातळ माडगे ह्यांवर आम्ही काम भागविले. आजाऱ्याला माडगे द्यावे हे आमच्या आजीला ठाऊक होते. आम्हीच ते विसरलो होतो. नैवेद्याची छोटी ताटली तिचे ताट झाली व चहाचा चमचा तिचा घास. जेवणास वीस मिनिटे ते अर्धा तास द्यायचा, आणि जेवताना पाणी नाही. पाणी जेवणापूर्वी अगर जेवणानंतर अर्ध्या तासाने. हा शेवटचा नियम तिला फार जड गेला. तांब्याशिवाय जेवायला बसणे तिला अशुभ वाटे.

पुढे नेहमीचे अन्न सुरू झाल्यावर एक मौज पाहिली. आम्हांस वाटले होते की मऊ पोळी सोसेल व आमच्या भागातली कडक भाकरी बाधेल. झाले उलट! पोळी आणि मोकळा भात छातीत अडकल्यासारखे होत. कडक भाकरीचा तुकडा बारीक चावून खाल्ला की तो बिनतक्रार उतरे.

आता माझ्या चुकीविषयी. शस्त्रक्रियेस चार महिने झाले होते. डिसेंबरात येळ अमावस्या आली. आमच्या सीमाभागात हा दिवस शेतात साजरा होतो. कडब्याची कोप, तिच्यात पूजा, आणि मग पंगत: भज्जी, उंडे, आंबील, गुळाची खीर. बहिणीने दोन चमचे भज्जी खाल्ली व ताटली बाजूला सारली. चारचौघांत ते मला बरे दिसले नाही. ‘वर्षाचा सण आहे, एवढी खीर तरी घे,’ म्हणून मी स्वतः तिला वाढली. ‘नको अण्णा,’ ती म्हणाली. मी ऐकले नाही. थोरल्या भावाचा मान म्हणून तिने चार-पाच चमचे घेतली. पंधरा-वीस मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळ आली, आणि कोपीच्या सावलीत कडब्याच्या पेंढ्यांवर तिला निजवावे लागले. तासाभराने ती सावरली, परंतु तो तास मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, गोड पदार्थ त्या चिमुकल्या पिशवीत न थांबता आतड्यात एकदम उतरतो व भोवतालचे पाणी आत ओढून घेतो. त्याचा हा परिणाम. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानतात. वाढणारा थांबत नाही आणि खाणाऱ्याचे ‘नको’ खरे धरायचे नसते, असा जणू संकेतच आहे. त्या दिवशी माझ्या बहिणीचे ‘नको’ हे वैद्यकीय उत्तर होते, आणि मी त्याला शिष्टाचार समजलो.

त्यानंतर वहीत मी प्रथिनांचा हिशेब मांडू लागलो. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने हवीत, नाही तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, असे सांगितले होते. आमच्या घरी अंडे चालत नाही. तेव्हा 300 मिलिलिटर दुधाचे 9, दोन वाट्या दह्याचे 7, दोन वाट्या घट्ट वरणाचे 11, 50 ग्रॅम पनीरचे 9, आणि डॉक्टरांनी दिलेल्या पुडीचे 20; बेरीज 56. चार कमीच! ही बेरीज दोन चमच्यांच्या पिशवीतून दिवसभरात सहा वेळा करून उतरवायची. म्हणून ताटलीत वरण-पनीर प्रथम, भाजी मागून, भाकरी शेवटी, अशी शिस्त ठरली. आपल्या नेहमीच्या जेवणाची ही अगदी उलटी मांडणी.

गोळ्यांचे प्रकरण मी थोडक्यात सांगतो, पण ते थोडके नाही. ब-12 जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ही औषधे अशा रुग्णास जन्मभर लागतात, कारण बायपासनंतर त्यांचे शोषण पूर्वीसारखे होत नाही. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचे नाही. मध्ये दोन तास हवेत. ‘आता मला काही होत नाही’ म्हणून बहिणीने 2021 साली गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी तळपायांस मुंग्या येऊ लागल्या. रक्त तपासले, ब-12 तळाला गेलेले; इंजेक्शने घ्यावी लागली.

त्याच वर्षाच्या आरंभी तिचे वजन 81 वर आले होते, मधुमेहाची औषधे जवळजवळ सुटली होती, आणि ती सोलापुरात सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी रोज चालत असे. मग काटा हळूहळू वर चढू लागला. 2023 मध्ये 89! तिने मैंदर्गीस येणे टाळले. फोनवर वजनाचा विषय निघाला की ती बोलणे आवरते घेई. गावाचे म्हणणे शेवटी खरे ठरले, असे तिला वाटत होते. मी वही काढून तिच्याकडे गेलो. जेवण तर चोख होते. मग चोर सापडला तो चहात. चहात बुडविलेले बिस्किट विरघळून जाते. त्या लहान पिशवीला ते जाणवतही नाही. दिवसाकाठी अशी बारा बिस्किटे, म्हणजे 250 ते 300 कॅलरी, कोठल्याही ताटात न वाढता पोटात जात होती. शेंगांची चटणी चिमूटचिमूट, फरसाण मूठभर, ते निराळेच.

परंतु सगळा दोष बिस्किटांचा नव्हे, हेही मी तिला दाखविले. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा रुग्णांची दीर्घ पाहणी झाली. तिच्यात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरले, आणि दहा वर्षांनी पाहिले तर मूळच्यापेक्षा 25 टक्के कमी राहिले होते. म्हणजे थोडे परतणे हे बहुतेकांच्या वाट्याला येते. उतरलेले शरीर कमी इंधनावर चालू लागते व भूकही पुन्हा डोके वर काढते. 118 चे 75 टक्के म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी. ‘तू नापास झालेली नाहीस,’ मी म्हणालो, ‘फक्त दहा वर्षांचा धडा चारच वर्षांत संपविलास.’ ती हसली, आणि पुष्कळ दिवसांनी मोकळेपणाने रडलीही.

त्यानंतर चहा राहिला, बिस्किटांचा डबा गेला. वजन आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, करायचे ठरले. रोजच्या काट्याने तिचे मन फार खाली-वर होत असे. सध्या ती 85 वर आहे. गेल्या येळ अमावस्येला ती शेतात आली होती. तिने दोन चमचे भज्जी घेतली, उंड्याचा एक तुकडा घेतला, ताटली सारली. शेजारच्या काकूंनी खिरीचे भांडे पुढे केले, तेव्हा आमच्या मंडळींनी ते हळूच आपल्याकडे ओढून घेतले व मला दोन पळ्या जास्त वाढल्या. पुढल्या महिन्यात बहिणीची वार्षिक रक्ततपासणी आहे. वही घेऊन मीही बरोबर जाणार आहे.