कर्जरोखेधारकाचा हक्क : रुपयांची मोजणी आणि माणसांची

(नाशिक येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कंपनीने देणे थकविले तर तिच्या कर्जरोखेधारकाला कायद्याने कोणते हक्क आहेत, हा आजचा विषय. समाजवादी अभ्यासवर्गात हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. व्याजावर जगणारा तो भांडवलदार. त्याचे बुडाले तर आपण का हळहळावे, असा एक सोपा युक्तिवाद आपल्यात रूढ आहे. तो आज टिकणारा नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून शासकीय सेवेत आलेल्यांचे जुने निवृत्तिवेतन महाराष्ट्र सरकारने बंद केले. कारखान्यातील कामगाराला 1995 च्या योजनेखाली मिळणारे किमान निवृत्तिवेतन 2014 साली ठरले, ते दरमहा 1,000 रुपये. तेवढ्यात म्हातारपण निभत नाही. म्हणून सातपूर-अंबडचा निवृत्त कामगार किंवा खेड्यातला निवृत्त शिक्षक ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेपेक्षा टक्का-दोन टक्के अधिक देणाऱ्या रोख्यांत गुंतवतो. समाजाने ज्याला सुरक्षितता नाकारली, त्याने ती बाजारात विकत घ्यावी, असा हा न्याय आहे.

दिवाण हाउसिंग फायनान्स या मुंबईच्या कंपनीचे उदाहरण घ्या. 2016 आणि 2018 साली तिने जाहीर विक्रीतून हजारो कोटींचे रोखे जनतेला विकले. पतमापन संस्थांनी त्यांना ‘ट्रिपल ए’ ही सर्वोच्च श्रेणी दिली होती. जून 2019 मध्ये व्याज थकले आणि श्रेणी एकदम तळाला गेली. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले व डिसेंबरमध्ये प्रकरण दिवाळखोरी संहितेखाली न्यायाधिकरणापुढे आले. सुमारे 87,000 कोटींच्या देण्यापोटी धनकोंच्या पदरात सरासरी शेकडा 46 रुपये पडले. मुदत ठेवी ठेवणाऱ्या बहुतेकांना शेकडा 23 च्या आसपास. या ठेवीदारांत उत्तर प्रदेशातील वीज कामगारांचा भविष्य निर्वाह निधीही होता आणि त्याचे 2,200 कोटींहून अधिक अडकले होते. भांडवलदाराचे बुडाले म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता कायदा काय म्हणतो? कंपनी कायदा, 2013 च्या कलम 71 प्रमाणे जनतेला डिबेंचर विकणाऱ्या कंपनीने विश्वस्त नेमलाच पाहिजे आणि धारकांच्या हिताचे रक्षण हे त्या विश्वस्ताचे कर्तव्य आहे. मुदत संपूनही पैसे न मिळाल्यास एकटा धारकसुद्धा न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. मात्र कंपनी दिवाळखोरी संहितेखाली गेली की कलम 14 ची स्थगिती लागू होते आणि हे दार बंद होते. संहितेची कारवाई सुरू करण्याचा हक्क तरी एकट्याला आहे काय? तोही नाही. कंपनी मोठी वित्तसंस्था असेल तर 2019 च्या नियमांनुसार ती कारवाई फक्त नियामकच सुरू करू शकतो. इतर कंपनी असेल तर 2020 च्या दुरुस्तीनुसार एकाच वर्गातले किमान 100 धारक, किंवा एकूण धारकांचे दहा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी एकत्र यावे लागते. थकबाकीही किमान 1 कोटीची हवी.

पुढची पायरी धनकोंच्या समितीची. तेथे रोखेधारक स्वतः मत देत नाही. त्याच्या वर्गाच्या वतीने विश्वस्त किंवा अधिकृत प्रतिनिधी मत देतो. वर्गात मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रकमेचा कौल जिकडे, तिकडे त्या वर्गाचे संपूर्ण मत पडते. लाख रुपयांचा धारक आणि शंभर कोटींची संस्था एकाच वर्गात बसतात. माणसे मोजली जात नाहीत, रुपये मोजले जातात. समितीत 66 टक्के मते पडली की आराखडा संमत होतो आणि न्यायाधिकरणाच्या मान्यतेनंतर तो सर्वांवर बंधनकारक ठरतो. दिवाण हाउसिंगच्या वेळी लहान गुंतवणूकदारांना अधिक वाटा देण्याचा पुनर्विचार करावा, असे न्यायाधिकरणाने सुचविले. समितीने ते मानले नाही. सुमारे 45,000 कोटींच्या संशयित गैरव्यवहारांतून पुढे होणाऱ्या वसुलीचे मूल्य आराखड्यात 1 रुपया धरले आणि ती वसुली नव्या मालकाला देऊन टाकली. अपील न्यायाधिकरणाने जानेवारी 2022 मध्ये हे फेरविचारासाठी परत पाठविले, पण 1 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समितीचाच निर्णय कायम केला.

नाशिककर विचारतील की, आपला ठेवीदार संरक्षण कायदा कोठे गेला? केबीसी आणि मैत्रेय प्रकरणांत महाराष्ट्राच्या 1999 च्या त्या कायद्याचे नाव येथे घरोघरी पोचले आहे. पण त्यातील ‘ठेवी’च्या व्याख्येतून सेबीच्या नियमांखाली येणारे रोखे आणि डिबेंचर वगळलेले आहेत. मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे देणे फेडण्याचा तो मार्ग रोखेधारकाला मोकळा नाही.

मग काहीच शक्य नाही काय? कामगारांचा इतिहास पाहा. कंपनी गुंडाळली जाताना कामगाराचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली मान्य केले. 1985 च्या दुरुस्तीने कामगारांच्या देण्याला सुरक्षित धनकोच्या बरोबरीचे स्थान दिले. 2016 च्या संहितेतही कंपनीच्या अवसायनाच्या वेळी 24 महिन्यांच्या मजुरीपुरते ते टिकून आहे. हे स्थान कामगारांना मिळाले, कारण त्यांच्या मागे संघटना होत्या. विखुरलेल्या रोखेधारकाला तसे काही मिळालेले नाही.

एक धागा मात्र हाती आहे. संहितेच्या बाहेर होणाऱ्या तडजोडींसाठी सेबीने ऑक्टोबर 2020 मध्ये नियम केला की, तडजोडीला रकमेने 75 टक्के आणि संख्येने 60 टक्के धारकांची संमती हवी. म्हणजे रुपयांबरोबर माणसेही मोजायची. रिलायन्स कमर्शियल फायनान्स प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम लागू असल्याचे सांगितले आणि आराखडा अमान्य असलेल्या धारकांना त्याबाहेर राहून आपले देणे मागण्याची मुभा दिली. जे तत्त्व संहितेच्या उंबरठ्याबाहेर चालते, ते आत का चालू नये? धनकोंच्या समितीत लहान धारकांचा स्वतंत्र वर्ग असावा आणि त्या वर्गात संख्येचाही कौल घ्यावा, ही आपली मागणी असली पाहिजे.

मागणी मान्य होईपर्यंत शाखांनी हातातले काम करावे. रोख्यांच्या दहाव्या हिश्शाइतक्या रकमेच्या धारकांनी लेखी मागणी केली की विश्वस्ताला सभा बोलवावीच लागते. मुदतीत दावा दाखल करणे, वर्गातले मतदान न चुकविणे, या गोष्टी साध्या आहेत. पण एकाकी माणूस त्या करीत नाही, कारण त्याला कोणी सांगत नाही. कायद्यानेच शंभरांची अट घातली आहे. शंभर माणसे एकत्र आणणे हे कोणा वकिलाचे काम नव्हे, ते आपले काम आहे.